पीसी सारखा बंद पडतोय? आधी निळा का काळा ते लिहून ठेवा

तीन महिने आमच्या कॅबिनमधल्या पीसीनं डोकं खाल्लं, आता कुठं जरा शांतता आहे, म्हणून आठवतंय तोवर सगळं लिहून टाकतोय. कुणाचा असाच बंद पडत असेल तर माझ्यासारखे पैसे घालवू नका.

मी उद्यमनगरात एका जॉब शॉपमध्ये, म्हणजे दुसऱ्यांचे पार्ट करून देणाऱ्या वर्कशॉपमध्ये, मशीनचं प्रोग्रामिंग करतो. दोन व्हीएमसी (प्रोग्रामवर चालणारी मिलिंग मशीन), एक टर्निंग सेंटर (तसलंच लेथ), आणि कोपऱ्यात काचेची कॅबिन, त्यात हा पीसी. कॅम, म्हणजे मशीनचा प्रोग्राम बनवायचं सॉफ्टवेअर, ह्याच्यावरच चालतं आणि प्रोग्राम पण ह्याच्यावरनंच केबलनं मशीनला जातो. जुन्या व्हीएमसीच्या कंट्रोलरची मेमरी एवढीशी, थ्रीडीचा मोठा प्रोग्राम त्यात मावत नाही, मग पीसीवरनं थोडा थोडा पाजत बसायचा, ड्रिप फीड म्हणतात त्याला. आता मधेच पीसी गेला की काय होतं, टेबल जागेवर थांबतं पण स्पिंडल फिरतच राहतो, कटर एकाच ठिकाणी घासत बसतो आणि जॉबवर मस्त गोल डाग पडतो. डायच्या (साच्याच्या) फिनिशिंगला असला डाग पडला की पॉलिशवाला पण हात जोडतो. त्यामुळं आमच्याकडं पीसी बंद पडणं म्हणजे नुसतं रिस्टार्ट करून चहा पिऊन यायचं काम नाही.

पावसाळा लागला तसं हे सुरू झालं. आधी आठवड्यातनं एकदा, मग रोज, मग दिवसातनं दोन-तीन वेळा. कधी निळी स्क्रीन, त्यावर ते रडकं तोंड, खाली टक्के मोजत बसणार. कधी काहीच नाही, फट्‌ करून अंधार आणि आपलं आपण परत चालू. आम्ही दोन्हीला एकच नाव ठेवलेलं, "पीसी गेला". चूक इथंच झाली, पण ते कळायला दीड महिना लागला.

ज्याला विचारावं तो डॉक्टर. एकजण म्हणाला व्हायरस हाय, एकजण म्हणाला रॅम काढून खोडरबरानं घासून लाव, तिसरा म्हणाला विंडोज नवीन मार. रॅम घासली, दोन दिवस बरा चालला, तिसऱ्या दिवशी परत पहिले पाढे. विंडोज मारलं. विंडोज अर्ध्या तासात पडतं हो, पण त्यानंतर कॅम, त्याचं लायसन्स, प्रत्येक मशीनचा पोस्ट प्रोसेसर (कॅमचं काम त्या मशीनच्या भाषेत लिहून देणारी फाईल), प्रिंटर, हे सगळं परत बसवण्यात अख्खा दिवस गेला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वानऊला परत फट्‌. मग एका दुकानात नेला (कुठल्या ते सोडा), त्यानं दिवसभर चालू ठेवला, तिथं एकदाही गेला नाही, तरी "रॅम वीक वाटतीय" म्हणून ८ जीबीच्या शेजारी दुसऱ्या कंपनीची आणखी एक ८ जीबीची स्टिक घातली आणि पैसे घेतले. कॅबिनमध्ये आणून लावला आणि तासाभरात गेला. दुकानात का गेला नाही हा प्रश्न मला तेव्हाच पडायला पाहिजे होता, पण आपण त्यावेळी वैतागलेलो असतो.

आण्णांना, म्हणजे मालकांना म्हटलं नवीनच घेऊया. म्हणाले, "येवढ्या पैशात माझा फेस मिल कटर इन्सर्टसकट येतोय. काय झालंय ते आधी शोध की." 

मग शेवटी प्रॉडक्शनच्या रजिस्टरचं मागचं पान घेतलं आणि चार रकाने आखले. तारीख-वेळ, निळा का काळा, पीसीवर काय चाललेलं, आणि शॉपमध्ये काय चाललेलं. चौथा रकाना आपला सहज आखला होता. मी मशीनवर असलो तर ऑपरेटरनं लिहायचं असं ठरलं, त्याची एक नोंद अशी आहे, "सव्वानऊ. काळा. पीसीवर काय न्हाय. शॉपमधे मी च्या पीत हुतो." हसू नका, ह्याच नोंदीनं पुढं काम केलं.

अकरा दिवसांत २३ नोंदी झाल्या. ९ निळे, १४ काळे. निळ्यातले ६ ड्रिप फीड चालू असताना किंवा मशीनची केबल काढता-घालताना झालेले. काळ्यातले १० सकाळी ९ ते साडेनऊ नाहीतर दुपारी जेवण झाल्यावर दीड-दोनच्या दरम्यान. मधे एका सुट्टीदिवशी मी एकटाच आलो, दिवसभर मुद्दाम कॅमचं सिम्युलेशन लावून ठेवलं, पठ्ठ्या एकदाही हलला नाही. हे सगळं एका पानावर समोरासमोर आल्यावर लख्ख दिसलं की हे दोन वेगळे आजार आहेत आणि आम्ही दोघांना एकच गोळी देत होतो.

आता निळा आणि काळा यात फरक काय ते नीट सांगतो. निळी स्क्रीन आली म्हणजे विंडोजला स्वतःला कळलंय की आत काहीतरी भयंकर झालंय, त्यानं मुद्दाम सगळं थांबवलंय आणि जाता जाता चिठ्ठी लिहून ठेवलीय. काळा म्हणजे विंडोजला कळायच्या आधीच करंट गेला किंवा बोर्डनं रिसेट मारला, चिठ्ठी लिहायला वेळच मिळाला नाही. निळ्यात बहुतेक वेळा ड्रायव्हर (जोडलेलं यंत्र विंडोजला चालवून देणारा प्रोग्राम) नाहीतर रॅम निघते, काळ्यात एसएमपीएस (पीसीच्या आतला पॉवर सप्लायचा डबा), बाहेरची लाईट नाहीतर गरमी. विंडोज ११ वाल्यांनी एक ध्यानात ठेवा, २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टनं त्या निळ्या स्क्रीनचा रंगच काळा केलाय आणि रडकं तोंड पण काढून टाकलंय, त्यामुळं रंगावर जाऊ नका, बंद पडताना अक्षरं दिसली का नाही ते बघा.

कुणाला खात्री नसेल तर एक सेटिंग करा. रनमध्ये एसवायएसडीएम डॉट सीपीएल टाकायचं, ॲडव्हान्स्ड टॅब, स्टार्टअप अँड रिकव्हरीच्या सेटिंग्ज, तिथली ऑटोमॅटिकली रिस्टार्टची टिक काढायची, आणि खाली स्मॉल मेमरी डंप निवडायचं. आता निळी स्क्रीन आली की ती तिथंच थांबून राहते, निवांत मोबाईलवर फोटो काढता येतो. आणि टिक काढूनसुद्धा पीसी आपोआप रिस्टार्ट झाला तर समजायचं की हा काळ्यातला आहे, विंडोजच्या मागं लागून उपयोग नाही.

दुसरी जागा म्हणजे इव्हेंट व्ह्यूअर. विंडोज लॉग्जमध्ये सिस्टम उघडा, लाल नोंदींत कर्नल-पॉवर ४१ दिसेल. निम्मी जनता इथंच फसते, ४१ म्हणजे पॉवर सप्लाय खराब असं समजून एसएमपीएस बदलून मोकळी होते. ४१ चा अर्थ एवढाच की मागच्या वेळी पीसी रीतसर शटडाऊन झाला नव्हता. तुम्ही बटण दाबून धरून बंद केला तरी ४१ येतो. त्या नोंदीच्या डिटेल्समध्ये जायचं आणि बगचेककोड बघायचा. शून्य असेल तर विंडोजनं काही नोंदवलेलं नाही, म्हणजे काळा. दुसरा आकडा असेल तर तो निळ्याचा कोड, फक्त तो तिथं आपल्या साध्या दशमान आकड्यात असतो आणि स्क्रीनवर, नेटवर मात्र हेक्समध्ये, म्हणजे सोळाच्या पटीच्या आकड्यांत असतो, म्हणून शोधून सापडत नाही. २०९ म्हणजे डी१, ड्रायव्हर आयआरक्यूएल नॉट लेस ऑर इक्वल. २६ म्हणजे १ए, मेमरी मॅनेजमेंट. २७८ म्हणजे ११६, ग्राफिक्सचा ड्रायव्हर अडकला. २९२ म्हणजे १२४, व्हिया अनकरेक्टेबल, हा प्रोसेसरनं स्वतः हार्डवेअरची तक्रार केल्याचा कोड, इथं विंडोज परत मारून काही होत नाही. ३०७ म्हणजे १३३, डीपीसी वॉचडॉग, एखादा ड्रायव्हर आपलं काम वेळेत सोडत नाही, बऱ्याचदा स्टोरेजचा. आमच्याकडं २०९ च २०९ दिसत होते, आणि मधूनच २६.

मग ती चिठ्ठी वाचायची. सी ड्राईव्हमध्ये विंडोजच्या फोल्डरात मिनीडंप म्हणून फोल्डर असतो, प्रत्येक निळ्या स्क्रीनची एक फाईल. फोल्डरच नसेल तर बघा की कुणी पेजफाईल (विंडोज डिस्कवर रॅमला जोड म्हणून ठेवतं ती फाईल) बंद केलीय का, किंवा रोज क्लीनर चालवून पुरावा झाडून टाकतोय का. निरसॉफ्टचं ब्लूस्क्रीनव्ह्यू सोपं आहे, नाहीतर मायक्रोसॉफ्ट स्टोअरवर विनडीबीजी फुकट मिळतं, त्यात फाईल उघडून ॲनालाईझची निळी लिंक दाबली की दोन मिनिटांत डॉट एसवायएस नावाच्या फाईलवर बोट ठेवतं. नावात एनटीओएसकर्नल आलं तर लगेच विंडोजला शिव्या घालू नका, ते विंडोजचं काळीज आहे, दुसऱ्या कुणीतरी घाण केली तरी बऱ्याचदा पंचनामा त्याच्या दारात होतो. एका फाईलवरनं काही ठरवू नका, चार-पाच बघा. दरवेळी एकाच ड्रायव्हरचं नाव आलं तर तो ड्रायव्हर. दरवेळी वेगळाच कोड आणि वेगळंच नाव आलं तर रॅमकडं संशयानं बघा.

आमच्या ९ पैकी ६ फायलींत एकच नाव होतं, यूएसबी टू सिरीयल केबलचा ड्रायव्हर. ही केबल आम्ही जूनमध्ये घेतलेली, जुनी तुटली म्हणून, मिळेल तिथनं मिळेल ती. सोबत एक छोटी सीडी आलेली, त्यातनंच ड्रायव्हर टाकलेला. आणि विंडोज नवीन मारल्यावर पहिलं काम काय केलं असेल तर तीच सीडी घालून तोच ड्रायव्हर टाकला. म्हणजे आजार फॉरमॅट करून घालवला आणि स्वतःच्या हातानं परत बोलावला.

नुसतं अनइन्स्टॉल करून भागत नाही. डिव्हाईस मॅनेजर उघडून व्ह्यूमधनं शो हिडन डिव्हायसेस केलं तर पोर्ट्सच्या खाली कॉम ३ पासून कॉम ११ पर्यंत भुतांची रांग लागलेली, आम्ही केबल कधी ह्या यूएसबीत कधी त्या यूएसबीत लावायचो, दरवेळी एक नवीन पोर्ट. सगळे फिकट दिसणारे एकेक करून काढले आणि काढताना ड्रायव्हर सॉफ्टवेअर पण डिलीट करा अशी जी टिक येते ती दिली, ती दिली नाही तर केबल लावल्या लावल्या विंडोज जुनाच ड्रायव्हर परत चिकटवतं. मग जरा बऱ्या चिपची केबल घेतली, ड्रायव्हर चिप बनवणाऱ्याच्या साईटवरनं घेतला, आणि पॉवर ऑप्शन्समधलं यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड बंद केलं. केबल आता एकाच यूएसबीत, वर टेप लावलीय आणि स्केचपेननं "हात लावू नये" लिहिलंय.

ग्राफिक्स कार्डाच्या ड्रायव्हरचं पण असंच असतं. अपडेट झाल्यापासून निळा यायला लागला असेल तर डिव्हाईस मॅनेजरमध्ये रोल बॅक ड्रायव्हर बघा, ते बटण फिकट असेल तर सेफ मोडमध्ये डीडीयू (ग्राफिक्सचा ड्रायव्हर मुळापासून काढणारा प्रोग्राम) चालवून सगळं खरवडून काढा आणि जुनं व्हर्जन टाका. ते "तुमचे ३२ ड्रायव्हर जुने आहेत" म्हणून भीती घालणारे फुकटे अपडेटर असतात ना, त्यांच्या नादाला लागू नका. ड्रायव्हर जुना आहे म्हणजे खराब आहे असं नसतं, चालतोय तर चालू दे.

ड्रायव्हरसारखी बारकी फाईल आख्खा पीसी कशी पाडते असं वाटत असेल तर १९ जुलै २०२४ आठवा. क्राऊडस्ट्राईकच्या सिक्युरिटी सॉफ्टवेअरला एक चुकीची अपडेट फाईल गेली आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानं जगभरातले ८५ लाख विंडोज कॉम्प्युटर निळे पडले, विमानं थांबली. ड्रायव्हर विंडोजच्या गाभाऱ्यात बसून काम करतो, त्यानं तिथं पाय घसरून घेतला की देवासकट सगळं खाली. साधं ॲप चुकलं तर फक्त ते ॲप बंद होतं.

ड्रायव्हर व्हेरिफायर नावाचं एक हत्यार विंडोजमध्येच आहे, संशयित ड्रायव्हरला मुद्दाम छळून बोलतं करायला. मला गरज पडली नाही. वापरणार असाल तर आधी रिस्टोअर पॉईंट करा आणि सेफ मोडमध्ये कसं जायचं ते पाठ करून ठेवा, कारण ड्रायव्हर खरंच खराब असला तर पीसी चालू होता होताच निळा पडत राहतो, मग सेफ मोडमध्ये जाऊन व्हेरिफायर रिसेटची कमांड दिल्याशिवाय सुटका नाही.

आता राहिले तीन निळे, त्यात दोन मेमरी मॅनेजमेंटचे आणि एक पेज फॉल्टचा, तिन्हीत वेगळी नावं. वहीच मुळात त्या दुकानातनं नवीन स्टिक घालून आणल्यानंतर सुरू केलेली, म्हणजे तिन्ही त्यानंतरचेच. मेमटेस्ट८६, म्हणजे रॅम तपासायचा प्रोग्राम, पेन ड्राईव्हवर टाकून रात्रभर लावून गेलो, सकाळी येऊन बघतोय तर अर्धी स्क्रीन लाल. मग एकेक स्टिक एकाच स्लॉटमध्ये घालून तपासली, तर जुनी पास, नवी पण पास. जोडीनं नापास! बायोसमध्ये एक्सएमपी (रॅम जास्तीच्या स्पीडला पळवायची सेटिंग) चालू होतं, ते बंद केल्यावर जोडी पण चारही फेऱ्यांत स्वच्छ. दोन वेगळ्या कंपनीच्या स्टिक जास्तीच्या स्पीडला एकमेकींशी जुळवून घेत नव्हत्या. म्हणजे रॅमचा आजार नव्हताच, औषध म्हणून घातलेल्या रॅमनं तो आणला. मेमटेस्टमध्ये एक जरी एरर आली तरी नापासच धरायचं, पस्तीस टक्क्याला पास असा इथं हिशोब नाही. विंडोजचं स्वतःचं मेमरी डायग्नॉस्टिक लवकर उरकतं पण त्यात सुटलेल्या चुका मेमटेस्टमध्ये सापडतात, माझा तरी त्याच्यावर भरवसा नाही.

इथपर्यंत आल्यावर निळे संपले. पण एक गंमत उरली, ड्रिप फीड चालू असताना मधेच टिंग-टाँग असा यूएसबी काढल्यासारखा आवाज यायचा, पोर्ट गायब, ट्रान्सफर तुटला. पीसी पडत नव्हता, कारण नवा ड्रायव्हर हे सहन करत होता, पण जॉबवर डाग पडायचा तो पडायचाच. हे कोडं काळ्याच्या मागं लागल्यावर सुटलं.

काळ्याचं पहिलं बिंग फुटलं यूपीएसचं. "यूपीएस हाय की, लाईटीचा काय संबंध," असं सगळेच म्हणत होतो. सगळं सेव्ह केलं, पीसी नुसता डेस्कटॉपवर ठेवला आणि यूपीएसचा प्लग भिंतीतनं उपसला. पीसी त्याच क्षणी गेला. आतली बॅटरी कधीची मेलेली, पुढचा हिरवा दिवा मात्र रुबाबात चालू. ६०० व्हीएचे असले छोटे यूपीएस आत १२ व्होल्ट ७ एएचची बॅटरी घेऊन बसलेले असतात, ती दोन-तीन वर्षांत मान टाकते आणि कुणाला सांगत नाही. तुमच्याकडं यूपीएस असेल तर आज हा प्लग उपसून बघाच. बॅटरी बदलल्यावर काळे निम्म्यावर आले, पण थांबले नाहीत.

मग चौथा रकाना. सकाळी नऊ ते साडेनऊ आणि दुपारी दीड-दोनला शॉपमध्ये काय असतं? आमच्याकडं काही नसतं, आजूबाजूला असतं. सगळी गल्ली एकदम चालू होते. शेजारी मोठा कॉम्प्रेसर आणि पलीकडं वेल्डिंग. मी मल्टीमीटर लावून कॅबिनच्या बोर्डजवळ बसलो. सुट्टीदिवशी २३८ दाखवणारा बोर्ड सव्वानऊला २०४ दाखवायला लागला, आणि शेजारचा कॉम्प्रेसर सुरू झाला की आकडा क्षणभर १८० च्या खाली जाऊन परत वर. त्याच क्षणी वरची ट्यूब डोळा मारते. ऑपरेटरला विचारलं तर म्हणतो, "व्हय की, मी च्या पिताना रोजच ट्यूब फडफडत्या." अरे मग ते लिहायचं नाही का वहीत!

आता ट्यूब नुसती फडफडते आणि पीसी मरतो, का? लाईटीचं एक आवर्तन २० मिलिसेकंदांचं. चांगला एसएमपीएस आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये साठवलेल्या जोरावर साधारण तेवढा वेळ काढतो, पण कपॅसिटर म्हातारा झाला की तो दम राहत नाही. वर आमच्या एसएमपीएसच्या स्टिकरवर इनपुट २०० ते २४० लिहिलेलं, म्हणजे १८० ला तो हात वर करणारच. बऱ्या एसएमपीएसवर १०० ते २४० लिहिलेलं असतं, घेताना तेवढं वाचा, नुसते वॉट बघू नका.

पिवळ्या आणि काळ्या वायरीत मीटर लावून १२ व्होल्टची लाईन पण बघितली, ११.४ ते १२.६ च्या मधे पाहिजे. आमची लोडवर ११.६ होती, म्हणजे काठावर का होईना पास. पण मीटरला बारीक खड्डे दिसत नाहीत, त्यामुळं मीटरनं पास केला म्हणून एसएमपीएस निर्दोष सुटत नाही, आणि सॉफ्टवेअरमध्ये दिसणाऱ्या व्होल्टेजवर तर अजिबात विश्वास ठेवू नका. खरी परीक्षा एकच, ओळखीचा चांगला एसएमपीएस दोन-तीन दिवस मागून आणून लावायचा. मी भावाच्या गेमिंग पीसीचा आणला. तीन दिवस, सव्वानऊ आले आणि गेले, ट्यूब फडफडली, पीसी ढिम्म. जुना एसएमपीएस उघडून दुरुस्त करायच्या भानगडीत मात्र पडू नका, प्लग काढल्यावरसुद्धा आतल्या कपॅसिटरमध्ये ३०० च्या वर व्होल्ट बसलेले असू शकतात.

एसएमपीएस बदलताना अनवाणी होतो, कॅबिनेटला हाताची मागची बाजू लागली आणि झिणझिण्या आल्या. वायरमन मामांना बोलावलं. त्यांनी बोर्ड उघडला आणि हसायला लागले, "पोरा, हितं अर्थिंगच न्हाई. हिरवी वायर नुसती दाखवायला हाय." वायर बोर्डात होती, पुढं कुठंच जोडलेली नव्हती, पार्टिशन घालून कॅबिन केली तेव्हापासून. अर्थिंग नसलं की एसएमपीएसच्या आतल्या फिल्टरमुळं पीसीच्या बॉडीवर साधारण निम्मं व्होल्टेज बसतं, ११५ च्या आसपास. करंट अगदी थोडा, माणूस दचकतो एवढंच. पण मशीनचं अर्थिंग पक्कं आणि पीसीचं नाही, तर हा करंट घरी जायला वाट शोधणार, आणि दोघांना जोडणारी एकच वाट होती, सिरीयल केबलची ग्राऊंड वायर. म्हणून ते टिंग-टाँग! बिचारी यूएसबीची चिप मधेच चक्कर येऊन पडत होती, जुना ड्रायव्हर ते बघून अख्खं विंडोज घेऊन पडायचा, नवा फक्त पोर्ट सोडायचा. आणि दुकानात काही झालं नाही कारण तिथं ना व्हीएमसी, ना कॉम्प्रेसर.

मामांनी अर्थिंग मेन पॅनलपासून नवीन ओढून दिलं, न्यूट्रल आणि अर्थिंगमधलं व्होल्टेज १४ होतं ते दीडवर आलं, दोन-तीनच्या आत असलं की ठीक. मी मधे एक ऑप्टो आयसोलेटर पण टाकलाय, त्यात सिग्नल उजेडाच्या रूपानं पलीकडं जातो, तांब्याचा संबंधच राहत नाही. आणि दोन्हीकडं चालू असताना सिरीयल केबल काढायची-घालायची सवय मोडा, कंट्रोलरचा पोर्ट जळला तर पीसीचं दुःख परवडलं म्हणायची पाळी येते.

गरमीचं आमच्याकडं थोडंच निघालं पण शॉपमधल्या पीसीवाल्यांनी हे बघाच. हीटसिंकवर बिडाची काळी पूड आणि कूलंटची वाफ मिळून लोण्यासारखा थर बसलेला, एचडब्ल्यूइन्फोमध्ये (तापमान दाखवणारा प्रोग्राम) सिम्युलेशनला ९७ डिग्री. ब्लोअर मारताना पंखा बोटानं धरून ठेवायचा, पेस्ट नवीन लावायची, आमचा ७१ वर आला. बिडाची पूड करंट वाहते, त्यामुळं ती बोर्डावर राहिली तर गरमीच्या आधी शॉर्टनंच काम होईल. गरमीनं बंद पडणारा पीसी ओळखायला सोपा असतो, आधी स्लो होतो, पंखा बोंबलतो, काम टाकल्यावर वीस-पंचवीस मिनिटांनी जातो, आणि लगेच चालू केला तर आणखी लवकर जातो.

हार्डडिस्कसाठी क्रिस्टलडिस्कइन्फो. सी५ चा आकडा (डिस्कवरच्या वाचता न येणाऱ्या जागा) वाढत असेल तर आधी डेटा काढा, मग बाकीचं. सी७ (डेटा जाता-येता झालेल्या चुका) वाढत असेल तर डिस्कला दोष द्यायच्या आधी साटा केबल बदलून बघा. आणि इंटेलच्या १३व्या-१४व्या पिढीचा डेस्कटॉप आय७ किंवा आय९ असेल आणि काहीच सापडत नसेल, तर बायोस अपडेट केलंय का बघा. त्यांच्यात व्होल्टेजचा घोळ होता, त्यावर इंटेलनं २०२४ मध्ये मायक्रोकोड (बायोस अपडेटमधनं प्रोसेसरला जाणारी दुरुस्ती) काढले आणि वॉरंटी दोन वर्षं वाढवली. खराब झालेला प्रोसेसर अपडेटनं बरा होत नाही, तो बदलूनच घ्यायचा.

नवीन एसएमपीएस टाकून ३८ दिवस झाले. वहीत तेव्हापासून एकच नोंद आहे, "काळा. झाडताना प्लगला पाय लागला."

जुना एसएमपीएस मी भंगारात टाकायला काढून ठेवलेला. आण्णांनी तो बघितला, म्हणाले चालतंय की, आणि मला न सांगता पुढच्या ऑफिसातल्या बिलाच्या कॉम्प्युटरला बसवून घेतला. काल अकाउंटवाले काका विचारत होते, "आरं, माझा कॉम्प्युटर सकाळी सव्वानऊलाच का बंद पडालाय?"